फिलूची तांबडी

जे आता लिहिते आहे ते माझ्या तोंडून आजवर एकाही माणसाने ऐकलेलं नाही. नवऱ्याने नाही, सख्ख्या बहिणीने नाही — देवानेसुद्धा नाही, कारण देवापुढे उभी राहिले की मी पटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. आता सत्तरी ओलांडली. म्हातारपणी माणूस हळवा होतो म्हणतात. मी नाही झाले. मला कुणाची माफी नको आहे. रडायचं तर मुळीच नाही. मग कशाला सांगते? काल खिडकीतल्या काचेच्या टाकीत एका झाडाला नवं पान फुटलेलं दिसलं, आणि वाटलं, हे झाड कुणाचं आहे ते एकदा तरी कुठेतरी लिहिलेलं असावं. बस, एवढंच.

तुम्ही तोंड वाकडं कराल. करा. पण पूर्ण ऐकून मग करा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरिवलीला गावठाणाला लागून असलेल्या एका तीन मजली इमारतीत आम्ही तळमजल्यावर राहायचो. त्या वर्षांत ज्याच्या घरी रंगीत टीव्ही यायचा त्याच्याकडे पाठोपाठ माशांची टाकीही यायची — शोकेसमध्ये, बाहुल्यांच्या शेजारी. आमच्याकडे टीव्ही नव्हता, पण ह्यांनी कंपनीतल्या कुणाची तरी जुनी टाकी उचलून आणली. मासे आठ दिवसांत मेले. पाण्यातलं गवत मात्र असं माजलं की पाणी दिसेना. ते फेकून देणं माझ्या जिवावर आलं. मी ते उपटलं, धुतलं, मेथीच्या बांधतात तशा जुड्या बांधल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि मालाडला कांतीभाईच्या माशांच्या दुकानात घेऊन गेले. कांतीभाईने एक जुडी उलगडून उजेडात धरली आणि विचारलं, “अजून आहे काय, बेन?”

अजून होतं. दोन वर्षांत माझ्याकडे सात टाक्या झाल्या. लोखंडी पट्ट्यांच्या, पुटी लावलेल्या, त्यातल्या दोन कायम गळक्या. शिवाय भंगारात घेतलेला फ्रिजचा आतला डबा, दोन माठ आणि कान तुटलेले चहाचे कप — छोटी झाडं कपात वाढवायची ही माझीच युक्ती. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या खाली हा सगळा पसारा. “आमची बायको शेवाळ विकते,” असं हे मित्रांना सांगायचे आणि सगळे हसायचे. हसू देत. लग्नाआधी बापापुढे हात पसरला, लग्नानंतर नवऱ्यापुढे. केसांच्या पिना घ्यायच्या तरी कारण सांगावं लागायचं. शेवाळाने मला पहिल्यांदा असं काहीतरी दिलं की ज्याचं कारण कुणाला सांगायचं नव्हतं. ते काय असतं हे ज्याने कधी हात पसरला नाही त्याला कळायचं नाही, आणि मी समजावत बसणार नाही.

आता फिलू. फिलोमिना — पण फिलोमिना तिला फक्त चर्चमधले फादर म्हणत असतील. गावठाणातलं तिचं घर आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून. नवरा कावीळ होऊन गेलेला. घरात ती, पाच वर्षांची रीटा आणि सासू, जिला अख्खं गावठाण मोठी आई म्हणायचं. आणि अंगणात विहीर. ती विहीर नसती तर कदाचित आमची ओळखच झाली नसती. म्युनिसिपालटीच्या पाण्याला औषधाचा वास यायचा, त्यात माझी झाडं पिवळी पडायची. ते पाणी दोन दिवस उन्हात ठेवलं की चालायचं, पण सात टाक्यांचं पाणी उन्हात ठेवायला माझ्याकडे अंगण कुठे होतं? एकदा भिंतीवरून विचारलं, पाणी मिळेल का. फिलू म्हणाली, “विहिरीला काय कुलूप आहे? ये ना गो.” त्या दिवसापासून मी दोन बादल्या घेऊन जायला लागले. ती पाणी द्यायची, मी तिला झाडं शिकवायचे. देण्याघेण्याचं कधी बोलणंही झालं नाही.

तिच्या हाताला गुण होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याच तोंडून याच्या उलट वदवून घेतलं. मी महिनाभर खपून जे वाढवायचे ते तिच्या विहिरीकडेच्या सिमेंटच्या हौदात पंधरा दिवसांत हौदाबाहेर डोकवायचं. ती शिकली माझ्याकडून, आणि सहा महिन्यांत माझ्या पुढे गेली. मला ते आवडलं का? तुम्हीच सांगा, तुम्हाला आवडलं असतं का?

त्याच सुमाराला एका एजंटने तिच्यासाठी कुवेतमधलं काम आणलं. कुणा अरबाच्या घरी मुलं सांभाळायची, दोन वर्षांचा करार. गावठाणातल्या चारपाच बायका आधीच गेलेल्या होत्या, त्यांच्या घरांवर नवी कौलं चढली होती. फिलूचं छप्पर गळत होतं, आणि नुसत्या जुड्या विकून ते नीट होणार नव्हतं. पण रीटाला सोडून जायच्या नुसत्या विचाराने तिचं जेवण तुटलं होतं. हो पण म्हणेना, नाही पण म्हणेना. एजंट रोज फेऱ्या मारायचा.

अशात तिचा चुलतभाऊ बोटीवरून सुट्टीला आला. त्याने सिंगापूरहून बिस्किटाच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून दहा-बारा रोपं आणली होती. पानं तांबड्या माठाच्या रंगाची, कडा सुरकुतलेल्या. त्या झाडाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, ते आम्हाला कधी उच्चारता आलं नाही. आम्ही म्हणायचो, तांबडी. तसं झाड तोवर मी मुंबईत कुठेही बघितलेलं नव्हतं. फिलूने ती तशीच भिजलेल्या फडक्यात ठेवली आणि एक पान घेऊन आम्ही दोघी मालाडला गेलो. कांतीभाईने पान बघितलं आणि गल्ल्यावरून उठून उभा राहिला. “जितकी देशील तितकी घेतो, फिलूबेन. हॉटेलवाले असं काहीतरी मागतात.” फिलूबेन! मी दोन वर्षं त्याच्याकडे माल टाकत होते आणि त्याच्यासाठी मी अजून ‘ओ बोरिवली’ होते. क्षुल्लक आहे ना? पण मला लागलं. अजून लागतं.

परतताना बस स्टॉपवर फिलूने माझा दंड घट्ट धरला. “नंदा, ही लागली ना, तर मी जात नाही बघ. एजंटला सांगते, दुसरी कोण शोध.” तिचे डोळे भरलेले. मी म्हटलं, लागेल गं. आणि दंड सोडवून घेऊन बस येते का ते बघायला रस्त्याकडे तोंड फिरवलं. विहीर तिची. हौद तिचा. बोटीवरचा भाऊ तिचा. कांतीभाईही आता तिचा होणार. माझं काय उरलं? गॅलरीतल्या दोन गळक्या टाक्या? — होय, हेवा. मी त्याला दुसरं गोंडस नाव देणार नाही.

तिने तांबडी हौदात लावली. पाचव्या दिवशी पानं काचेसारखी पारदर्शक झाली, सहाव्या दिवशी वितळायला लागली. शिजलेल्या पालेभाजीसारखा लगदा. आठव्या दिवशी एकही पान उरलं नाही.

आता इथे थोडं थांबायला हवं. कारण पुढचं कळायचं तर मला काय माहीत होतं ते तुम्हाला कळायला हवं.

त्याच जातीचं एक साधं हिरवं रोप वर्षभरापूर्वी कांतीभाईने मला फुकट दिलं होतं. त्याचंही असंच झालं होतं — चार दिवसांत सगळी पानं वितळली. मी ते फेकलं नाही, पण त्यात शहाणपण नव्हतं, नुसता आळस. कप तसाच कोपऱ्यात राहिला. तीन आठवड्यांनी बघते तर वाळूतून चिमुकली टोकं वर आलेली. मग माझ्या लक्षात आलं. ही जात जागा हलवली की रुसते आणि अंगावरचं पान न् पान टाकून देते. पण वाळूखाली मूळ जिवंत असतं. थांबलं की नवी पानं येतात. हे त्या काळात आमच्या धंद्यात कुणालाच माहीत नव्हतं. खुद्द कांतीभाई पानं गेली की सगळं गटारात ओतायचा. मला माहीत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. फिलूलासुद्धा नाही. एवढं एक तरी माझ्यापाशी असू दे, म्हणून.

तर आठव्या दिवशी सकाळी फिलू मला हात धरून हौदाकडे घेऊन गेली. मोठी आई पायरीवर बसून बोंबील निवडत होती. फिलूने वाळूत बोटं घालून एक मूळ वर काढलं, माझ्यापुढे धरलं.

“मेली का गो?”

मी ते हातात घेतलं. बोटांनी दाबून बघितलं. टणक होतं. पांढरं, टणक, आल्याच्या कोवळ्या तुकड्यासारखं. अजून सांगू? त्याच्या टोकाला कोंबाचा फुगवटा माझ्या बोटाला लागत होता.

“मेली,” मी म्हटलं.

“कशाने?”

खोट्याला लगेच कारण लागतं, आणि माझ्याकडे कारण नव्हतं. समोर विहीर होती. मी म्हटलं, “पाण्याने. तुमच्या विहिरीचं पाणी बिघडलंय, फिलू. खारट उतरलंय त्यात. तुम्हीसुद्धा पिऊ नका.” कसं सुचलं कोण जाणे. आणि पुढचं तर न विचारताच बोलले — “कुजून हौद नासवतील. आण, मी टाकते.”

तिने सगळी मुळं एकेक करून माझ्या बादलीत घातली. कुणाचे हात असे जड झालेले मी त्याआधी बघितले नव्हते. आणि मी — हे लिहितानाही माझं मलाच नवल वाटतं — त्याच बादलीत विहिरीचं पाणी भरून घेतलं. मुळं सुकू नयेत म्हणून. तिच्यासमोर. पाणी बिघडलंय असं सांगून दोन मिनिटं झाली नव्हती.

एका क्षणात तोंडातून निघून गेलं, असं म्हणता येईल. मीही कित्येक वर्षं स्वतःला तसंच सांगत होते. पण ते खरं नाही. कारण ती मुळं मी न्हाणीमागच्या माठात लावली, अठराव्या दिवशी तिथे पहिलं तांबडं पान आलं, आणि फिलू अजून इथेच होती. तिने कुवेतला होकार कळवला होता, पण विमान अकरा दिवसांवर होतं. अकरा दिवस! एक वाक्य बोलायचं होतं. ‘फिलू, लागली बघ.’ त्यात माझी अब्रूही गेली नसती. फेकायला नेली होती, माठात पडून राहिली, चमत्कार झाला — एवढं म्हटलं असतं तरी तिने मला मिठी मारली असती, आणि एजंटला परत पाठवलं असतं. मी काय केलं? माठावर गोणपाट टाकलं. रोज सकाळी ते बाजूला करून पानं मोजायचे आणि परत झाकायचे. चार झाली, सात झाली. पलीकडे भिंतीमागे फिलू रीटाला शिकवत होती — वेणी स्वतःची स्वतः कशी घालायची.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ती आली. हौदातली बाकीची सगळी झाडं टोपलीत भरून. “मला काय उपयोग आता? तू लाव.” मी ती टोपलीही घेतली. सकाळी टॅक्सी आली तेव्हा रीटाला वाटलं आई बाजारात चालली आहे, तिने येताना चिकू आणायला सांगितलं. मी तिला कडेवर घेतलं होतं. फिलूने टॅक्सीतून मला हात जोडले — पोरीवर लक्ष ठेव म्हणून. मला. दोन्ही हात जोडून.

मग तांबडी चालली. अशी चालली की काय सांगू. मुळांतून मुळं फुटली, कपांवर कप भरले. मी ती कपासकट विकायचे. मूळ हललं नाही की पानं फारशी गळत नाहीत, हे मी शोधून काढलं होतं. मालाड, अंधेरी, घाटकोपर — दुकानदार घरी यायला लागले. कांतीभाई मला नंदाबेन म्हणायला लागला. ह्यांचं हसणं थांबलं. मी माझ्या कमाईचं कपाट घेतलं, त्याची किल्ली माझ्या कमरेला. त्या किल्लीचा आवाज मला आवडायचा. आवडायचा! मला त्या दिवसांत झोप लागत नव्हती, घास गिळत नव्हता, असं काही ऐकायला बसला असाल तर उठा. मला झोप लागत होती. मी छान जेवत होते. माणूस वाईट वागून सुखात राहू शकतो, आणि मी राहिले.

फक्त एक गोष्ट होती. खिडकीतून दिसायची, म्हणून. फिलूने जाताना सासूला बजावलं होतं की विहिरीचं पाणी प्यायचं नाही. त्यामुळे मोठी आई रोज पहाटे रीटाला घेऊन नाक्यावरच्या म्युनिसिपालटीच्या नळावर रांगेत उभी राहायची. साठ वर्षं त्या विहिरीचं पाणी प्यालेली बाई. म्हातारी कळशी घेऊन वाकलेली, पोरगी तांब्या सांभाळत मागे. त्यांची खेप होऊन गेली की मी बादल्या घेऊन त्यांच्याच विहिरीवर जायचे.

एकदा पोहरा वर ओढत होते, तर पायरीवर मासळी साफ करत बसलेली मोठी आई म्हणाली, “पाणी बिगडलंय ना? मग तू कशाला नेतेस गो?”

“धुण्याला,” मी म्हटलं.

“धुण्याला,” ती म्हणाली, आणि परत मासळी साफ करायला लागली. त्यानंतर तिने मला कधीही विचारलं नाही. पाणी घ्यायला मनाईही केली नाही. कधीकधी मला यायला उशीर झाला तर पोहरा आधीच भरून कठड्यावर ठेवलेला असायचा.

फिलूने कुणाबरोबर तरी एक टेपरेकॉर्डर पाठवला, तो माझ्याकडे ठेवायला. मग तिच्या कॅसेट यायला लागल्या. पत्राऐवजी बोलून पाठवलेल्या. रविवारी मोठी आई आणि रीटा माझ्याकडे यायच्या आणि आम्ही तिघी त्या यंत्राकडे बघत बसायचो. अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नको, दात घास. एका कॅसेटमध्ये शेवटी ती मला म्हणाली, “नंदा, ऐकतेस ना? या मालकांकडे काचेची टाकी आहे, आपल्या दाराएवढी. पण झाडं सगळी प्लास्टिकची. दर शुक्रवारी मी ती बाहेर काढून साबणाने धुते. धुताना तुझी आठवण येते.” मी बटण बंद केलं. रीटा म्हणाली, आंटी, अजून आहे. मी परत चालू केलं.

इथपर्यंतचं ऐकून तुम्ही म्हणाल, झालं, हाच तो गुन्हा. मलाही इथेच थांबता आलं असतं. हेवा वाटला, खोटं बोलले, गप्प बसले. इतपत तर पुष्कळांच्या हातून होतं. पण मी जे सांगायला बसले ते अजून पुढे आहे.

दोन वर्षांनी फिलू महिन्याभराच्या सुट्टीवर आली. परत जायचं की नाही ते तिच्यावर होतं. रीटा तिला बघून मोठ्या आईच्या मागे लपली. तिसऱ्या दिवशी फिलू माझ्याकडे आली — मला सेंटची बाटली घेऊन — आणि गॅलरीत तिने तांबडी बघितली. सगळीकडे तांबडी. तिने एका कपात बोट घालून पान उचललं आणि हसली. “अगो, तुझी लागली! कुठनं मिळाली?” मी म्हटलं, कांतीभाईने दिली. तिने ते मानलं. तिच्या मनात दुसरा विचार येतच नव्हता, अशी बाई.

मग ती खाली बसली. आणि तेच म्हणाली, जवळजवळ त्याच शब्दांत. “नंदा, मला एक दे. पोरगी मला आंटी म्हणते गो. ही लागली तर मी नाही जात परत. या वेळी विहिरीचं पाणी नाही घेत, नळाचं दोन दिवस उन्हात ठेवते.”

मी एक कप उचलला. नुसता तो कप तिच्या हातात द्यायचा होता. कपासकट दिलं असतं तर पानं टिकली असती, निदान बरीचशी. आणि पानं टिकली असती तर सगळंच टिकलं असतं. पण मग नळाच्या पाण्यात ती पसरली असती, माझं गिऱ्हाईक तिच्याकडे — नाही, खोटं. त्या क्षणी माझ्या डोक्यात गिऱ्हाईक नव्हतं. भीती होती. तिच्या हौदात तांबडी रोज वाढणार, फिलू रोज तिच्याकडे बघणार, एक दिवस एखादं मूळ हलवणार, पानं वितळणार, परत येणार — आणि त्या दिवशी तिला कळणार. ती हुशार होती. तिला दोन वर्षांमागची बादली आठवणार.

म्हणून मी कप तिरका केला, दोन बोटांनी रोप मुळासकट उपटलं, वाळू झटकली आणि ओल्या कागदात गुंडाळून तिला दिलं. म्हटलं, “कप कशाला, जड होईल.” भिंतीपलीकडे जायचं होतं तिला. काय जड होणार होतं? — हेच ते. पहिल्या वेळी मला विचार करायला वेळ नव्हता असं म्हणता येतं. या वेळी होता. मी पूर्ण विचार केला आणि उपटलं.

आठ दिवसांनी मी पाण्याला गेले तेव्हा ती पायरीवर बसली होती. शेजारी तोच बिस्किटाचा डबा, त्यात ते मूळ.

“परत मेली बघ,” ती म्हणाली. रडत नव्हती. “पाणी नव्हतं गो. माझा हातच वाईट.”

ज्या बाईच्या हातावर मी जळत होते, ती स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघत होती. आणि मला तिला सांगता आलं असतं. अजूनही. डबा समोर होता, मूळ आत जिवंत होतं. मी काय म्हटलं असेल? तुम्हाला आता ओळखता यायला हवं.

“आण,” मी म्हटलं, “मी टाकते.”

फिलूने डबा उचलला, पण माझ्याकडे देण्याआधी जराशी थांबली. बहुतेक तिला तो डबा ठेवून घ्यायचा असेल, भावाने आणलेला म्हणून. तेव्हा मागे दारात मोठी आई उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. विहिरीकडे बघत होती. म्हणाली, “तिलाच दे. ती नेते ते जगतं.”

फिलू हसली. तिला वाटलं, सासूने माझं कौतुक केलं. मी डबा घेतला. बादल्या भरल्या. घरी येऊन ते मूळ कपात लावलं.

फिलू परत गेली. त्यानंतर आणखी नऊ वर्षं ती तिथेच होती, मध्ये मध्ये महिनाभर यायची तेवढीच. तिने पुन्हा कधी झाडाला हात लावला नाही. घर पक्कं झालं, रीटा पुढे शिकून नर्स झाली, आणि एका परीने बघितलं तर — पण ते मी बघणार नाही. ते म्हणायचा हक्क फिलूचा आहे. तिने म्हटलं तर म्हणावं. माझ्या तोंडून ते निघालं तर ती आणखी एक चोरी होईल. मोठी आई वारली तेव्हा मी खांदा देणाऱ्यांच्या मागून कबरस्तानापर्यंत गेले. तिने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, ते मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ती नाही.

फिलूच्या धर्मात शनिवारी फादरसमोर बसून सगळं सांगून टाकायची सोय असते. एकदा सुट्टीत तिने मला सहज विचारलं होतं, “तुमच्यात काय करतात गो?” मी म्हटलं, आमच्यात काही करत नाहीत. हा कागद म्हणजे ती सोय समजू नका. मला हलकं वाटत नाही आहे, आणि वाटावं अशी अपेक्षाही नाही. मी परत तरुण झाले, परत ती गॅलरी, परत तो कप हातात आला, तर नीट देईन का? हो म्हणायला काय जातं? पण मला माहीत नाही, आणि हो म्हणून तुमच्याकडून शाबासकी मिळवायची नाही.

धंदा केव्हाच बंद केला. एक टाकी ठेवली आहे, खिडकीत. त्यात एकच झाड आहे, दुसऱ्या वेळी त्या डब्यातून नेलेल्या मुळापासून चालत आलेलं. ते फिलूचं आहे. दोन्ही वेळचं.

फिलू आता वसईला लेकीजवळ असते. दर नाताळला न चुकता माझ्यासाठी स्वतःच्या हातच्या नेवऱ्या, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, पाठवते. यंदाही आल्या. मी खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या, आणि तिला फोन करून सांगितलं, छान झाल्या होत्या.